बंद घरांची रांगोळी

माझ्या एका लेखामुळे धुळ्यातल्या आमच्या गल्लीत एकाच दुपारी तीन घरं फुटली. लेख वाचून माणसं पेटून उठतात, साहेबांच्या बदल्या होतात, असं मी ऐकून होते. माझा लेख वाचून कोयंडे उचकटले गेले. छापून आलेला माझा तो पहिलाच लेख, आणि परिणाम इतका ताबडतोब दिसल्यावर पुढची पस्तीसेक वर्षं मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. आता नात म्हणते, "आजी, लिही की, तुला वेळच वेळ आहे." वेळ आहे हे खरं. शिवाय ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं उरली नाहीत, हेही खरं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. रावेरकडची, केळीच्या बागेत वाढलेली, शाळेत निबंधाला कंपासपेटी मिळवलेली. लेखिका आहोत हे मला कंपासपेटी मिळाल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त ते जगाला कळायचं बाकी होतं. लग्न होऊन मी देवपुरातल्या एका गल्लीत आले. अकरा बैठी घरं, समोर एक निंब, टोकाला हापसा. अकरांतली दोन घरं आबांची. एकात ते आणि त्यांची बायको अक्का, दुसऱ्यात आम्ही भाडेकरू.

सामान उतरवत होतो त्या सकाळी मी आबांना पहिल्यांदा पाहिलं. साठी ओलांडलेला, धिप्पाड, गलमिशावाला माणूस धोतराचा काचा मारून एका बंद घरासमोर उकिडवा बसला होता आणि रांगोळी काढत होता. दाराला कुलूप. पुरुषमाणूस, रांगोळी, आणि तीही कुलपासमोर. मी पदरात तोंड खुपसून हसले, पण हसणं माझं कधी पदरात मावलं नाही. त्यांनी वर न बघता म्हटलं, "हासनं व्हई ते हासी ले, पोरी. पन पाय ठेवू नको."

रांगोळी म्हणावी अशी ती नव्हतीच. पाच ठिपके, त्यांच्याभोवती एक वाकडा गोल, गोलातून बाहेर निसटलेल्या चार रेघा. "पंक्चर काढलेल्या चाकासारखी दिसते," मी पुढे एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. ते लक्षात ठेवा, मीही ठेवायला हवं होतं.

आबा पोलिसांत होते, पण त्यांनी आयुष्यात एक चोर धरला नव्हता. सगळी नोकरी मुद्देमालाच्या खोलीत गेली. चोराकडून मिळालेला माल कोर्टाचा निकाल लागेपर्यंत जिथं चिठ्ठी बांधून, लाखेचं सील मारून ठेवतात, त्या खोलीचे ते हवालदार. त्यामुळे त्यांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. साधं बोलताना पंचनाम्याची भाषा, आणि माया किंवा राग आला की अहिराणी. "नमूद मांजर कालपासून दिसून आलेले नाही," असं ते सकाळी हापशावर जाहीर करायचे. बायका पाणी भरता भरता हसायच्या. मांजर सापडलं की मात्र, "कथी गयथी व माय," कुठं गेली होतीस गं, असं म्हणत त्याला धोतरात घेऊन बसायचे.

वस्तूंची त्यांना फार कणव. माणसांना जामीन होतो, घागरीला कुठं होतो, असं म्हणायचे. खोलीत एक शिलाई मशीन नऊ वर्षं पडून होतं. सील मोडू नये म्हणून आबा कोंबडीच्या पिसानं फटीतून तेल सोडायचे, दर सोमवारी. "सुटल्यावर चालायला पाहिजे ना ते." एका म्हातारीची तांब्याची घागर होती. म्हातारी दर तारखेला यायची, खिडकीच्या गजांतून घागर बघायची आणि जायची. आबा ती येणार असली की घागर पुढच्या फळीवर काढून ठेवायचे. निकाल लागला तेव्हा म्हातारी नव्हती. मुलगा आला, सही केली, आणि ठाण्याच्या फाटकातच भंगारवाल्याला घागर देऊन टाकली. हे सांगताना आबा "सदर इसम" म्हणायला सुरुवात करायचे आणि मध्येच मांजराला हाक मारायला उठायचे. ती गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत कधी पुरी सांगितली नाही. शेवट मला अक्कांकडून कळला.

गावाकडे बघण्याची त्यांची रीतच वेगळी. दुसरे म्हणत, इथं पूर्वी अमका बाजार भरायचा, तिथं तमकी गिरणी होती. आबा म्हणत, इथं पूर्वी हंडे जायचे. ते नोकरीला लागले तेव्हा धुळ्यात चोरीला जायची भांडी, शेळ्या, वाळत घातलेली लुगडी. लोकांकडे तेवढंच होतं. मग सायकली जाऊ लागल्या, आणि सायकल नाही सापडली तर नुसता डायनामो. मग रेडिओ, मग टेप. गॅसची टाकी चोरीला गेल्याची पहिली तक्रार आली त्या दिवशी आबा घरी येऊन अक्कांना म्हणाले होते, "गावमा पैसा उना." गावात पैसा आला, म्हणजे. अक्का म्हणाल्या, "आपला घरमा कधळ येई?" त्यांच्या घरात चूलच होती.

निवृत्त झाल्यावर आबांनी गल्ली सांभाळायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच होतं: "सोयरा घरमा कोन शे ते देखीसन येस, चोर कोन नही ते देखीसन." म्हणजे घरात माणूस आहे असं दिसलं पाहिजे, बस. प्रत्येक घराची दुसरी चावी आबांकडे असायची. त्यांच्या ओसरीत एक फळी होती, तिला अकरा खिळे, प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा. पहाटे उठून ते बंद घरांपुढे सडा टाकत, रांगोळी काढत. दोरीवर एखादं ओलं धोतर नाहीतर अक्कांचं लुगडं टाकत. आपला ट्रान्झिस्टर आज या घरात, उद्या त्या घरात लावून ठेवत. कुलपामागून जळगाव आकाशवाणीच्या बातम्या ऐकू यायच्या. आणि चपला. गल्लीतल्या सगळ्या मेलेल्या चपला आबांकडे जमा. बंद घराच्या पायरीवर एक पुरुषाचा जोड, एक बाईचा. ते रोज त्यांची जागा बदलत. "जित्ता मानूसन्या चपला रोज एके जागे नही ऱ्हातस."

अक्कांना हे सगळं नकोसं व्हायचं. "निदान रांगोळी तरी मी काढते," असं त्यांनी एकदा तरी म्हणावं म्हणून मी वाट बघायचे. त्या म्हणायच्या, "गावना दारनी तुम्ही काढा. मना दारनी मी काढसू." आणि आपल्या दारात अशी सुरेख, हात न उचलता काढलेली वेल उमटवायच्या की शेजारचं पंक्चरचं चाक आणखी केविलवाणं दिसायचं.

पण त्या गल्लीत चोरी होत नव्हती. आजूबाजूच्या गल्ल्यांत होत होती, आमच्याकडे नाही. आणि मला त्यात काय दिसलं? विनोद दिसला.

मी लेख लिहिला. नाव दिलं, "आमचे रांगोळीवाले आबा". चार पानं, पाठपोट. कागदावर मी फारच मजेशीर होते. पाच ठिपके, वाकडा गोल, पंक्चर काढलेलं चाक, कुलपामागचा रेडिओ, मेलेल्या चपलांची बदली, सगळं सगळं घातलं. शेवटी असाही एक टोला होता की आमच्या गल्लीत नव्या पाहुण्याला घर उघडं की बंद ते विचारावं लागत नाही, रांगोळी सुरेख असेल तर आत जा, वाकडी असेल तर परत फिरा. या वाक्यावर मी स्वतः दोन दिवस खूश होते. खाली सही, "एक गृहिणी, देवपूर". आणि धुळ्यातल्याच एका लहानशा दैनिकाला पोस्टानं पाठवून दिला.

त्यांनी तो छापला. कधी, तर आखाजीच्या दिवशी, सणाच्या पुरवणीत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे आणि आमरस खातात. सगळ्या खानदेशात त्या दोन-चार दिवसांत निम्म्या घरांना कुलूप असतं. मला मात्र त्या दिवशी माहेर नव्हतं. आमचे हे वीज मंडळात, उन्हाळ्यात त्यांना रजा मिळायची नाही, आणि भाऊ मला न्यायला दोन दिवसांनी येणार होता. मी फुगून बसले होते. पण सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पुरवणी चाळली आणि फुगा वेगळ्याच हवेनं भरला. दोन अंक घेतले, एक वाचायला, एक रावेरला दाखवायला.

गल्लीत पेपर एकच यायचा, आबांचा. मी दारात उभी राहून त्यांच्या ओसरीकडे बघत होते. त्यांनी चष्मा लावला, नेहमीसारखं मागच्या पानापासून वाचायला घेतलं. पुरवणी उघडली. बराच वेळ पुरवणी हलली नाही. मग त्यांनी ती घडी घालून बंडीच्या आत सारली, रांगोळीचा डबा घेतला आणि उठले.

त्या पहाटे त्यांची तीन बंद घरांपुढे रांगोळी काढून झाली होती. आता ते बाकीच्या आठ दारांपुढे काढायला लागले. माणसं घरात असलेल्या दारांपुढे. हापशाजवळच्या मास्तरांच्या दारात, पलीकडच्या ड्रायव्हरच्या दारात. स्वतःच्या दारातली अक्कांची वेल त्यांनी हातानं पुसली आणि तिथं पंक्चरचं चाक काढलं. अक्का उंबऱ्यात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. ऊन असं चढलं होतं की रस्त्यावर पाय टाकला तर चिकटावा. साडेअकराला ते माझ्या दारी आले.

"आबा, मी घरी आहे," मी म्हटलं.

"माहीत शे."

"मग?"

ते काढतच राहिले. घाम रांगोळीत पडत होता. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, लेख वाचून म्हाताऱ्याला हुरूप आलाय. पेपरात आलं म्हटल्यावर माणूस चेकाळणारच. मी कौतुकाच्या शब्दाची वाट बघत उभी राहिले. कमरेवर हात ठेवून उठताना ते म्हणाले, "आज दुपारले झोपू नको, पोरी. कूलर बी लावू नको."

"आमरस खाऊन कोण जागं राहील, आबा," मी म्हटलं. आणि हसले.

मी झोपले. कूलर लावून झोपले. ज्यांनी खानदेशातला पत्र्याचा कूलर ऐकला नाही त्यांना सांगते, तो चालू असताना शेजारी लग्नाची वरात गेली तरी कळत नाही. आबा म्हणायचे, धुळ्यात चोऱ्या रात्रीपेक्षा दुपारी जास्त. बारा ते चार या गावात चोरांशिवाय कोणी जागं नसतं. त्या दुपारी ते एकटे ओला पंचा डोक्यावर घेऊन निंबाखाली बसले होते. दीडच्या सुमारास त्यांना भोवळ आली. अक्कांनी धरून आत नेलं, कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं. ते तासभर पडले.

तेवढ्या तासात तीन घरं फुटली. तीच, बंद होती ती. सगळीकडे एकच रांगोळी होती, त्यामुळे रांगोळीवरून त्यांना कळलं नसणार. पण चपला होत्याच. रेडिओ होताच. तिन्ही पायऱ्यांवरच्या चपला कुणीतरी नीट उलट्या करून ठेवल्या होत्या, तळवे आभाळाकडे. आणि आबांचा ट्रान्झिस्टर सगळ्यात आधी गेला होता. मी त्या उलट्या चपला पाहिल्या. तेव्हा मला कळलं की मला एक वाचक मिळालाय.

एका घरातून मिक्सर आणि टेप गेला, एकातून नव्या साड्या. तिसरं घर शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं. नवरा नव्हता, दोन मुली, आणि सगळा संसार एका मशीनवर. चोरांनी मशीनचं डोकं स्क्रू काढून नेलं. लोखंडी पाय तसेच उभे होते, वर नुसतं भोक पडलेलं लाकूड. माहेर जवळच होतं; तिथं निरोप मिळताच त्या मुलींना घेऊन धावत आल्या आणि त्या लाकडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पाचच्या सुमाराला पोलीस आले. फौजदार नवा होता, आबांना ओळखत नव्हता. त्यानं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"ही सगळीकडे एकसारखी रांगोळी कोणी काढली?"

"मी," आबा म्हणाले.

"रोज काढता?"

"रोज बंद घरांसमोर. आज सगळ्या."

"आजच सगळ्या का?"

सगळी गल्ली उभी होती. मी माझ्या उंबऱ्यात. माझ्या मागे, ट्रंकेच्या खाली, दोन अंक. आबांच्या बंडीत तिसरा. ती घडी मला दिसत होती, बंडी तिथं जरा फुगलेली होती. त्यांनी ती काढून दाखवली असती तर दोन मिनिटांत सगळं उलगडलं असतं. देवपूरची गृहिणी कोण हे ओळखायला त्या गल्लीत कुणाला फार डोकं लागलं नसतं.

"सण होता, साहेब," आबा म्हणाले.

"आणि या घरांच्या चाव्या?"

"माझ्याकडे असतात."

"घरं बंद आहेत हे तुम्हालाच ठाऊक, चाव्या तुमच्याकडे, आणि आजच तुम्हाला सण आठवला. चला जरा ठाण्यावर."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. त्यांनी नुसतं बघितलं असतं तरी मी बोलले असते, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मी बोलले नसते. मला नवऱ्याची भीती होती, सासूची होती, वहिनींच्या त्या हाताची होती. सगळ्यात जास्त भीती याची होती की मी हुशार नाही हे सगळ्यांना कळेल.

दिवेलागणीपर्यंत त्यांना ठाण्यावर बसवलं. नेमकं मुद्देमालाच्या खोलीबाहेरच्या बाकावर. अक्का पुढे सांगायच्या, तिथला नवा हवालदार मध्येच बाहेर येऊन त्यांना विचारून गेला, "आबा, त्या जुन्या केसमधल्या पितळी समया कुठं ठेवल्या होत्या तुम्ही?" आबा उठले, आत जाऊन समया काढून दिल्या, आणि परत येऊन बाकावर बसले.

पोलिसांनी सोडलं, कारण धरायला काही नव्हतंच. कुलपं चावीनं उघडलेली नव्हती, कोयंडे उचकटलेले होते, हे फौजदारालाही दिसलं. पण गल्लीला काय दिसलं? आबांना पोलिसांनी नेलं, एवढंच. चोर सापडले नाहीत. गल्लीत आणखी कुणाकडे तो अंक नव्हता, लेकी-सुना माहेरी गेलेल्या. परत आली ती माणसं गोष्ट ऐकून घरात शिरली आणि दार लावून घेतलं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून चाव्या मागायला सुरुवात झाली. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

"आबा, ह्यांचा भाऊ येणार आहे, एक चावी जास्तीची लागेल."

"आबा, कुलूपच बदलतोय. जुनं लई ढिलं झालंय."

मास्तर तर म्हणाले, "तुमच्या वयाला एवढी दगदग नको." शिवणाच्या वहिनी आल्या तेव्हा त्यांनी नुसता हात पुढे केला. आबा प्रत्येकाला चावी देण्याआधी तिचा दोरा सोडवून घेत. नखानं गाठ काढायला वेळ लागायचा, समोरचा माणूस अवघडून उभा. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या ना दोरा." आबा म्हणाले, "दोरा मना शे."

वहिनी चावी घेऊन गेल्या त्याच संध्याकाळी आबांनी अक्कांचं जुनं हातमशीन डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या ओसरीत नेऊन ठेवलं. अक्कांनी ते लग्नात आणलं होतं. वहिनींनी मशीन ठेवून घेतलं. चावी मात्र परत आणून दिली नाही.

फळीवर एक चावी उरली. हिरव्या दोऱ्याची, आमची.

आमचे हे जेवताना म्हणाले, "सगळ्यांनी घेतल्या, आपणच कशाला वाईट व्हायचं? घेऊन ये." मी म्हणू शकले असते, नाही आणणार. अख्ख्या गल्लीत मला एकटीला पक्कं ठाऊक होतं की त्या माणसानं काही केलेलं नाही. मी ताट धुतलं, हात पुसले आणि गेले. आबा ओसरीत पाय पसरून बसले होते. मांजर मांडीवर. मी म्हटलं, "आबा, ती चावी... आमचे हे म्हणत होते..."

"हां," ते म्हणाले. उठले, चावी काढली, हिरवा दोरा सोडवला. गाठ पटकन सुटली. मला म्हणाले, "नमूद चावी मिळाली. सही कर." मी घाबरून बघत राहिले, तेव्हा ते जरासे हसले. थट्टा होती ती. मीसुद्धा हसले, काय करणार. घरी येऊन चावी फडताळात टाकली.

त्यांनी नंतर रांगोळी काढली नाही. बंद घरं बंदच दिसू लागली. अक्कांनीही आपल्या दारातली वेल सोडून दिली, कारण विचारलं तर म्हणायच्या, कंबर धरते.

वर्षभरात यांची बदली झाली आणि आम्ही दीपनगरच्या कॉलनीत आलो. तिथं गेटवर पहारा, चोरीचं नाव नाही, आणि मला रोज झोप लागत नव्हती. मी आबांना पत्र लिहायला घ्यायचे आणि 'तिकडे सर्व कुशल ना' च्या पुढे जायचे नाही. त्यांची मात्र कार्डं यायची, वर्षातून दोन-तीन. त्यात तब्येतीचं काही नसे. "हल्ली मोटारसायकली जात आहेत. लोक घाईत दिसतात." "बायकांच्या गळ्यातले ओढून नेण्याचे प्रकार वाढले. पूर्वी चोर माणसाला टाळत असे, आता अंगाला हात लावतो. हे बरे नाही." एका कार्डावर फक्त एवढंच होतं, "खिशातले फोन जातात. वस्तू लहान होत चालल्या. मुद्देमालाच्या खोलीत जागा पुरेल." खाली, "नमूद मांजर वारले."

ते आज असते तर काय लिहिलं असतं, असं माझ्या मनात येतं. आता मी जळगावला मेहरूणमध्ये मुलाकडे असते. जिन्यात कॅमेरा, दारात कॅमेरा. चोर आता घरी येतच नाही. फोन करतो, "आजी" म्हणतो, तब्येत विचारतो, आणि मग आकडे विचारतो. मला एकदा आला होता. इतकं गोड बोलला की माझ्या मुलानं इतक्या वर्षांत विचारलं नसेल तेवढं त्यानं माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं. मी त्याला अर्धा तास गुडघ्यांचंच सांगितलं, शेवटी त्यानंच कंटाळून ठेवला. रावेरला भावाच्या बागेतून ठिबकच्या नळ्या आणि मोटारीची तांब्याची वायर गेली. केळीचे घड तसेच लटकलेले. आबा म्हणाले असते, खायचं कुणाला नकोय. आणि गेल्या दिवाळीत नातीनं गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांचा फोटो टाकला, "आम्ही निघालो, पाच दिवस घर बंद". मी म्हटलं, काढ ते. ती म्हणाली, "आजी, गंमत आहे गं." मी तिच्या हातातून फोन घेतला. म्हातारी चिडली म्हणून सगळे हसले. हसू दे.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मुलगा बारावीला होता, परीक्षा तोंडावर. मी लगेच गेले नाही. हेही एक निमित्तच. महिन्यानं गेले. देवपुरातली गल्ली ओळखू येईना, निंब तोडलेला, बैठ्या घरांवर मजले चढलेले, प्रत्येक दाराला दुहेरी लोखंडी जाळी. आबांचं घर तेवढं होतं तसं. अक्का ओसरीत बसल्या होत्या. भिंतीला ती फळी होती. अकरा खिळे, आणि एका खिळ्याला सगळे रंगीत दोरे एकत्र गुंडाळलेले.

मी चहा होईपर्यंत थांबले नाही. सगळं एका दमात सांगितलं. लेख मी लिहिला, अक्का. दोन अंक ट्रंकेखाली होते, अक्का. फौजदार विचारत होता तेव्हा मी उंबऱ्यात होते. मला वाटलं होतं त्या चकित होतील, मग रागावतील, मग मी रडेन, मग त्या पाठीवरून हात फिरवतील. वय अडतीस होतं माझं, तरी मी सगळं आधी मनात लिहून आणलं होतं, कंपासपेटीवालीच ती.

अक्का चकित झाल्या नाहीत. आत गेल्या, आबांच्या पत्र्याच्या पेटीतून पुरवणी घेऊन आल्या. घड्यांवर फाटलेली, मागून खळीनं चिकटवलेली. माझ्यासमोर ठेवली. मी ती उघडली नाही. त्यांनी पदर नीट केला, चुलीकडे बघितलं, आणि अगदी सावकाश, काही राग नसल्यासारखं म्हणाल्या:

"त्यास्नी तुना लेख चारदा वाचा. हासनात बी. माले म्हनेत, पोर लिखस चांगलं. त्यानं काही नही, माय. पन चावी मांगाले तू येवाले नको व्हती."